आक्कांचं कोपर आणि तीन मिलिमीटर

"मॅडम, तुमचं कव्हर परत पाठवलंय!" प्रेसच्या बाई फोनवर ओरडल्या. मागे मशीन चालू असायचं म्हणून त्या ओरडत, आणि मशीन बंद असलं तरी ओरडत, कारण आता सवय झाली होती. "ब्लीड कुठंय त्यात?"

सूनबाई ऑफिसच्या जिन्यात उभी होती. तिनं पायऱ्यांवरून एकदा नजर फिरवली, जणू वर येताना ते तिच्याच पर्समधून पडलं असावं.

"ब्लीड म्हणजे?"

"म्हणजे जास्तीचा फोटो. कव्हरं आम्ही गठ्ठ्यानं कापतो. पातं खाली येताना कागद केसभर तरी सरकतोच. तुमचा फोटो बरोब्बर कापायच्या रेषेवर संपतोय. पातं जरा बाहेर पडलं की काठाला पांढरी पट्टी दिसणार. म्हणून फोटो रेषेच्या तीन मिलिमीटर बाहेर जाऊ द्यायचा. तेवढा आम्ही कापून टाकतो."

"कापूनच टाकायचाय तर द्यायचा कशाला?"

"कापायलाच द्यायचा!" बाई म्हणाल्या. "आणि उद्या दुपारपर्यंत फाइल आली नाही तर रविवारच्या प्रकाशनाला पुस्तक मिळणार नाही. मग मला बोलायचं नाही."

फाइल परत यायची ही तिसरी खेप होती. सूनबाई विमा कंपनीत होती आणि साहेबांसाठी रंगीत आलेख करायची, त्यामुळे वीज लागणाऱ्या सगळ्या गोष्टी तिला येतात अशी घराची समजूत होती. सासरे, म्हणजे अप्पा, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी 'व्हॉल्व्ह उघडताना' नावाच्या आठवणी लिहिल्या. "छपाईची पीडीएफ तू करशील ना?" असं त्यांनी विचारलं. अप्पा सहसा कुणाकडे काही मागत नसत, म्हणून ती हो म्हणून बसली. पहिल्यांदा तिनं सगळं पुस्तक ऑफिसच्या कागदाच्या मापात केलं. "हे पुस्तक आहे की टेंडर?" असं बाईंनी विचारलं. दुसऱ्यांदा माप बरोबर आलं, पण पानांचे आकडे कापायच्या रेषेबाहेर गेले. आता आतली पानं एकदाची मार्गी लागली होती, तर कव्हर अडलं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिनं अप्पांना ब्लीड समजावून सांगितलं. अप्पांनी खिशातली स्टीलची पट्टी काढून तीन मिलिमीटर म्हणजे किती ते नीट पाहिलं. ती पट्टी ते निवृत्तीनंतरही जवळ बाळगत.

"म्हणजे मुद्दाम जास्त सोडायचं आणि वाया जाऊ द्यायचं?" ते म्हणाले. "आमच्या खात्यात याबद्दल मेमो मिळायचा."

पण खरी अडचण मिलिमीटरांची नव्हती, आक्कांची होती.

आक्का म्हणजे अप्पांची मोठी बहीण. अप्पांच्या लग्नात सगळ्या घराचा एक मोठा फोटो काढला होता. आक्का टोकाला उभ्या होत्या आणि फोटोग्राफरनं त्यांना सफाईनं कापलं होतं. त्यांच्यातलं फक्त एक कोपर फोटोत आलं. हा फोटो चाळीस वर्षं बैठकीच्या खोलीत लटकत होता. आक्का आल्या की आधी त्याच्यापाशी जात, चष्मा लावून कोपर बघत आणि म्हणत, "आले होते हो मी लग्नाला. हा पुरावा." लग्नाचा विषय निघाला की म्हणत, "मला काय विचारता? माझं कोपर होतं तिथं, त्याला विचारा." घरातल्या कुठल्याही वादात हे कोपर शेवटी बाहेर यायचं आणि त्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही.

म्हणून अप्पांनी कव्हरवर घरच्यांचा फोटो घ्यायचं ठरवलं होतं. "तिनं शिकवण्या करून मला इंजिनिअर केलं, आणि माझ्या लग्नात तिचं कोपर!" ते सूनबाईला म्हणाले होते, आणि बोलताना त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. "आत काय वाटेल त्या चुका राहू देत. पण कव्हरवर आक्का पूर्ण आली पाहिजे."

फोटो मागच्या महिन्यातला होता, सगळे जमले होते तेव्हाचा. कव्हरच्या वरच्या अर्ध्यात पुस्तकाचं नाव होतं आणि खालच्या अर्ध्यात या काठापासून त्या काठापर्यंत माणसं. डावीकडे सूनबाईचा नवरा कडेवर बाळ घेऊन, मध्ये अप्पा आणि सासूबाई, आणि उजवीकडे आक्का. उजेड सुरेख पडला होता, सगळे हसत होते. फक्त आक्का अगदी काठाला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यापलीकडे फोटोत काहीही नव्हतं.

सूनबाईनं आधी नुसतं पान तीन मिलिमीटरनं वाढवलं. प्रेसमधून लगेच फोन आला. "कागद वाढवलात मॅडम, फोटो नाही वाढवलात! आता पांढरी पट्टी आपण मुद्दाम छापणार."

मग तिनं फोटो धरून बाजूला ओढला.

"निवृत्तीनंतर मी सुटलोय हे कबूल," अप्पा पडद्याकडे बघत म्हणाले, "पण इतका?"

"मला तर बाई ओळखतच नाहीये मी," सासूबाई म्हणाल्या.

मग तिनं फोटो प्रमाणात मोठा केला. माणसं पुन्हा माणसांसारखी दिसू लागली, पण कापायची रेषा आक्कांच्या चष्म्याच्या काचेतून गेली. डावा कान, डावा गाल आणि डावा हात रेषेबाहेर, म्हणजे थेट प्रेसच्या कचऱ्यात. उजव्या हाताचं कोपर मात्र छान स्पष्ट दिसत होतं.

"फोटो डावीकडे सरकव ना," नवरा म्हणाला. "मी कापला गेलो तर मी काही चाळीस वर्षं बोलत बसणार नाही."

"डावीकडे पुस्तकाची घडी आहे. तिथं तू नाहीस, बाळ आहे. बाळाचं डोकं पुस्तकाच्या पाठीवर जाईल."

हे ऐकल्यावर सासूबाईंनी शेजारी खेळणारं खरं बाळ उचलून मांडीवर घेतलं.

"मग आक्काच्या पलीकडे भिंत वाढवू," नवरा म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. ऑफिसात त्याचा संगणकाशी संबंध हजेरीचं बोट लावण्यापुरता होता, पण त्यानं कुठंतरी बघितलं होतं की फोटोतला तुकडा उचलून दुसरीकडे चिकटवता येतो. बराच वेळ जीभ बाहेर काढून त्यानं काम केलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत फाइल पाठवूनही दिली.

फोन लगेच वाजला. "मॅडम," प्रेसच्या बाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या, "उजवीकडच्या बाईंना तीन हात आहेत. असू देत का?"

"नको, नको!"

"मग माझं ऐका. हा फोटो फोनवरून फिरत आलेला दिसतोय. कुणीतरी कडा कापल्यात त्याच्या. ज्यांच्या फोनमध्ये काढलाय त्यांच्याकडून मूळ मागवा. त्यात बाजूला जागा असणार."

फोटो आक्कांच्या फोनमध्ये काढला होता. शेजारच्यांच्या हातात फोन देऊन आक्का स्वतः उभ्या राहिल्या होत्या आणि नंतर त्यांनीच तो घरच्या ग्रुपवर पाठवला होता. आता त्यांना फोन कोण करणार, असा प्रश्न निघताच नवऱ्याला गाडीची हवा बघायची आठवण झाली, सासूबाई बाळाला झोपवायला गेल्या. बाळ टक्क जागं होतं. शेवटी अप्पांनीच फोन केला आणि "फोटोची जराशी अडचण आहे" एवढंच बोलले.

आक्का दोन गल्ल्या पलीकडे राहत. त्या आल्या त्या चपला न काढताच. मागून त्यांचे यजमान आले. त्यांना सगळं घर भावोजी म्हणायचं. अप्पांचे ते भावोजीच, पण पुढे सासूबाई, सूनबाई आणि शेजारीसुद्धा तेच म्हणू लागले. भावोजी नेहमीप्रमाणे दाराजवळच्या खुर्चीत बसले.

"म्हणजे परत कोपर?" आक्कांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"नाही आक्का, म्हणूनच तर..." सूनबाईला घाम फुटला. तिनं रेषा, पातं, तीन मिलिमीटर सगळं सांगितलं. "फक्त मूळ फोटो हवाय. न कापलेला."

आणि इथं एक नवल घडलं. आक्कांचा आवाज एकदम खाली आला. "मूळ? तो नाहीये आता. फोन भरला होता, काढून टाकला मी."

"आहे की," दाराजवळून भावोजी म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी बघतो ना अधूनमधून. त्यात मी आहे."

सगळ्यांनी भावोजींकडे पाहिलं. मग लॅपटॉपकडे पाहिलं. मग पुन्हा भावोजींकडे. संध्याकाळभर सगळं घर तो फोटो ताणत, सरकवत, चिकटवत होतं, आणि भावोजी त्यात नाहीत हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. सूनबाईला इतकी लाज वाटली की तिनं उगाचच त्यांना पाणी आणून दिलं.

आक्कांनी कुरकुरत फोन पुढे केला. मूळ फोटो चांगला ऐसपैस होता. आक्कांच्या पलीकडे भावोजी उभे होते, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

"बघा!" आक्का म्हणाल्या. "जांभई देत होते! पुस्तकाच्या कव्हरवर जांभई बरी दिसते का? म्हणून मी कापलं."

सगळ्यांची नजर आपोआप भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे गेली. आक्कांचीही गेली.

"एवढं काय त्यात," भावोजी घाईनं म्हणाले. "सूनबाई, ते तीन मिलिमीटर म्हणालीस ना, तेवढ्यात मला घे. माझा खांदा कापला जाईल, पण हिचा कान वाचेल ना? मग झालं तर."

खरं तर हा उपाय चोख होता. सूनबाईचा हात लगेच लॅपटॉपकडे गेलासुद्धा. पण आक्का अजून कोपराकडेच बघत होत्या.

"नको," त्या शेवटी म्हणाल्या. "पूर्ण घे यांना. नुसता खांदा होऊन राहणं काय असतं ते मला विचार."

"आणि जांभई?" अप्पांनी भीत भीत विचारलं.

"असू दे. तुझं पुस्तक वाचताना लोकांना येणारच आहे."

अप्पा इतके खूश होते की त्यांनी हेसुद्धा मनावर घेतलं नाही. सूनबाईनं फोटो बसवला. माणसं किंचित लहान झाली, पण सगळी मावली. भावोजींच्या पलीकडे खिडकीचा पडदा होता, तो तीन मिलिमीटर बाहेर गेला. पडद्याची एक जाडसर घडी रेषेच्या थोडी आत डोकावत होती. पडदाच तो, राहू दे, असं म्हणून तिनं फाइल पाठवली आणि हातात फोन घेऊन बसली.

"आता कसं!" प्रेसच्या बाई ओरडल्या. "माप बरोबर, ब्लीड बरोबर, सगळ्यांना दोन-दोनच हात. छापू?"

"छापा!" सूनबाईही ओरडली. आठवडाभर तिच्या मानेत बसलेलं काहीतरी एकदम उतरलं. ती त्या रात्री अशी झोपली की बाळ रडल्याचं तिला सकाळी सासूबाईंनी सांगितलं.

रविवारी प्रकाशनाच्या हॉलच्या मागच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे आले. कव्हरला अजून शाईचा वास येत होता. काठाला पांढरी पट्टी नव्हती. पहिली प्रत अप्पांनी आक्कांच्या हातात दिली. आक्कांनी चष्मा लावला, पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं, आपला उजवा कान बघितला, डावा बघितला, दोन्ही हात मोजले.

"आले," आक्का म्हणाल्या. "पूर्ण आले मी." आणि त्यांनी पदराची वाट न बघता हाताच्या पाठीनंच डोळे पुसले. अप्पांनीही चष्मा काढून पुसला, तो मुळीच मळलेला नव्हता. भावोजी स्वतःची जांभई बघून खुदकन हसले.

"पण हे कोपर कुणाचं?" आक्का म्हणाल्या.

"कोपर कुठलं? ती पडद्याची घडी आहे," सूनबाई म्हणाली.

"कोपराचं मला शिकवू नकोस. चाळीस वर्षं एक कोपर बघत आलेय मी."

सूनबाईनं पुस्तक हातात घेतलं. पडदा फिक्या पिवळ्या रंगाचा होता. तिनं फोटोच्या दिवशी घातलेला पूर्ण बाह्यांचा कुर्ताही फिक्या पिवळ्या रंगाचा होता. आणि मग तिला सगळं आठवलं. खोलीत उजेड कमी होता, सगळ्यांचे चेहरे काळे येत होते, म्हणून ती खिडकीपाशी जाऊन पडदा बाजूला धरून उभी राहिली होती. तिथूनच ती ओरडली होती, "हसा सगळे!" सगळे हसले, फोटो निघाला, आणि ती चहा टाकायला आत गेली. कव्हर करताना तिनं सगळ्यांचे कान, खांदे, गाल वाचवले, पण आपण फोटोत नाही हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. सासूबाई कव्हरकडे आणि सुनेकडे आळीपाळीनं बघू लागल्या. "मी आत्ता प्रेसमध्ये फोन करतो," अप्पा म्हणाले. "दुसरी आवृत्ती काढू. उद्याच काढू!"

"कुणी काही काढायचं नाही," आक्का म्हणाल्या. त्यांनी सूनबाईचा हात धरून तिला बाजूला घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. सूनबाई आधी गोंधळली, मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

तेवढ्यात हॉलमधून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येऊ लागले. पाहुणे जमत होते. सवयीनं सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, चहाचं तेवढं बघतेस का? आणि बाळाचं दूध? आणि समोरच्या रांगेतल्या खुर्च्या पुसायच्या राहिल्यात."

सूनबाई खोलीतली सगळ्यात चांगली खुर्ची ओढून आक्कांच्या शेजारी बसली आणि तिनं 'व्हॉल्व्ह उघडताना'चं पहिलं पान उघडलं.

"मला काय सांगता?" ती शांतपणे म्हणाली. "माझं कोपर आलंय इथं, त्याला सांगा."