बाळारामतात्यांचा आहेर

आमच्या भागातल्या कुठल्याही लग्नात अक्षता पडल्या की पंगत बसायच्या आत एक उंच, जरासा वाकलेला माणूस माइकपाशी येतो. माइकवर दोन फुंकरा मारतो. "फू, फू. आवाज येतो का?" मंडपातली पोरं एका सुरात ओरडतात, "येतो, तात्या, बोला." मग बाळारामतात्या चष्मा चढवतात आणि काखेतलं पुस्तक मागच्या बायकांनाही दिसेल असं वर धरतात.

"वधूस आमच्याकडून आहेर, पुस्तक एक. नवीन हाय, यंदाच छापलंय. गोष्टीचं हाय. एक बाई नवऱ्यामागं एकटीनं गुऱ्हाळ चालवते, तिची गोष्ट. वाचन्यासारखं हाय. खोट एकच हाय, मधी एक पत्र येतं ते फार लांबलंय. ते सोडून वाचलं तरी चालंल."

तिकडे आचारी वरणाची बादली हातात धरून उभा असतो. भात निवत असतो. पण तात्यांना खाली बसवायची कोणाची छाती नाही, कारण आमच्याकडे आहेर पुकारायची जुनी रीत आहे आणि तात्या त्या रीतीचे जुने पुकारणारे आहेत. मामाकडून हंडा, आत्याकडून शालू, हे सगळं वर्षानुवर्षं त्यांच्याच आवाजात गावानं ऐकलं. त्यांनी स्वतः आहेरात पुस्तक द्यायला सुरुवात केली ती मात्र पुढे.

तात्या भातसानगरला धरणाच्या ऑफिसात लिपिक होते. निवृत्त झाल्यावर किन्हवलीजवळच्या आमच्या गावात घरची भातशेती बघतात आणि वाचतात. त्यांच्या लेखी पुस्तकांच्या जाती दोनच. गोष्टीचं आणि खऱ्याचं. नवरीला गोष्टीचं, नवऱ्याला खऱ्याचं. मी एकदा विचारलं, असं का? "नवरा गोष्टी सांगतच असतो रे. त्याला आनखी कशाला शिकवायच्या?"

पुस्तक नवंच लागतं. "लग्नात वापरलेलं भांडं देतो का कोन?" त्यासाठी ते हिवाळ्यात आटगावला गाडी धरून ठाण्याला पुस्तकांच्या प्रदर्शनाला जातात. एकदा मी बरोबर होतो. विक्रेत्यानं विचारलं, काका, कुठला विषय हवा? तात्या म्हणाले, "मुलगी बारावी झालीय. स्वभावानं तापट. दिलीय टोकावड्याला, सासरी मानसं बोलत नायत फार." विक्रेत्यानं हातातली विषयांची यादी मिटली. मग आत गेला आणि एक कादंबरी घेऊन आला. तात्यांनी ती उभ्याउभ्या मधूनच उघडून वाचली आणि म्हणाले, "ही तिला भांडायला शिकवंल. दुसरी दाखव." त्या दिवशी दुसरी पसंत पडली नाही; त्या मुलीला त्यांनी पुढे घरात असलेलंच एक कोरं पुस्तक दिलं.

घेतलेलं पुस्तक आधी ते स्वतः पुरतं वाचतात. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालतात, हात धुतात, आणि पान असं उलटतात की जणू तान्ह्या मुलाची कूस बदलतायत. वाचून झालं की शेरा. 'वाचन्यासारखं', 'चाळन्यासारखं' आणि सगळ्यात खालचा 'कपाटात शोभंल'. शेऱ्यामागून खोट आलीच पाहिजे. खोट सांगितल्याशिवाय वस्तू कोणाच्या गळ्यात मारू नये, असं त्यांचं मत. या खोटीपायी एकदा मांडवात पंचाईत झाली होती. नवरीच्या पुस्तकाबद्दल ते माइकवर बोलून गेले, "ह्यातली सासू शेवटाला सुधारते. खोट एकच हाय, ते खरं वाटत नाय." नवऱ्याची आई समोर पापड हातात धरून उभी होती. तो तिनं तसाच मोडला.

बरं, आहेर देऊन माणूस मोकळा होतो, तात्या होत नाहीत. भातकापणी आटोपली की एसटीनं शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या त्या त्या घरी जातात. "काय, कुठवर आलं?" त्यांना लांबून बघितलं की घराघरात पुस्तकावरची धूळ झटकली जाते. मुरबाडकडच्या एका नव्या जावयानं तर धडधडीत सांगितलं, "वाचलं ना तात्या. मस्तच आहे."

"मग ती बाई मेली का जगली?"

"जगली की."

"ती पैल्याच पानावर मेलीय रे," तात्या म्हणाले, आणि चहा शांतपणे पिऊन उठले. एका घरी त्यांना स्वतः दिलेलं पुस्तक फ्रिजच्या पायाखाली सापडलं. खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "असू दे. हलत नाय ना फ्रिज? मग झालं." पण असंही एक घर आहे जिथे टेम्पो चालवणाऱ्या नवऱ्यानं हृदयाच्या आजारांवरचं खऱ्याचं पुस्तक वाचून तंबाखू सोडली. तो रस्त्यात भेटला की तात्यांना गाडीत बसवल्याशिवाय पुढे जात नाही.

आता माझ्याबद्दल सांगणं भाग आहे. मी शहापूरला एका पतसंस्थेत नोकरी करतो आणि स्वभावानं अपराधी आहे. एसटीत बसायला जागा मिळाली तरी मला वाटतं की कोणाची तरी हिसकावली. तात्या शेजारी राहतात, त्यामुळे ही अपराधी भावना मला रोज ताजी मिळते. "सुभाष, काय वाचतोयस?" असं ते अंगणातून विचारतात, आणि मी म्हणतो, "तेच चालू आहे." कुठलं ते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून तर जास्तच टोचतं.

तात्या एकटे असतात. काकी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. एकुलती मुलगी वनी नाशिकला परिचारिका आहे. तिनं तिथेच एका सहकाऱ्याशी कोर्टात लग्न केलं, तेव्हा तिनं फोन करून तात्यांना बोलावलं होतं. "मांडव नाय, माइक नाय, हे कसलं लगीन?" असं म्हणून तात्यांनी फोन ठेवला. ते गेले नाहीत. तेव्हापासून तीही आली नाही. गावात त्यांच्यासमोर हा विषय कोणी काढत नाही.

या मे महिन्यात माझ्या मुलीचं, प्राचीचं लग्न झालं. मुरबाडला हॉल घेतला होता. व्याह्यांनी सुचवलं की पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये, आपली उपस्थिती हाच आहेर' अशी ओळ घालू. ओळ मला आवडली. खरं सांगायचं तर ती वाचून मला हायसं वाटलं. हॉलवर कल्याणची निवेदिका येणार होती, दिवे असणार होते, व्याह्यांचे साहेब येणार होते. तिथे गुऱ्हाळवाली बाई आणि लांबलेलं पत्र कसं बसवायचं, ही चिंता त्या ओळीनं परस्पर मिटत होती. तात्यांना तोंडानं काही सांगायची गरज उरली नव्हती.

पत्रिका द्यायला गेलो तेव्हा तात्यांनी ती माझ्यासमोरच वाचली, खालच्या छापखान्याच्या नावासकट. त्या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे सगळ्यांना हाय का?"

"हो तात्या. म्हणजे, आपली एक रीत म्हणून."

"छापलंय म्हंजे विचार करूनच छापलं असनार," तात्या म्हणाले, आणि पत्रिका घडी घालून खिशात ठेवली.

ती ओळ कोणीच पाळत नाही, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. लग्नात प्रत्येक जण पाकीट घेऊन आला. भांडी आली, साड्या आल्या, व्याह्यांच्या साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ आणलं. ओळ पाळली ती एकट्या तात्यांनी. धुतलेल्या पांढऱ्या शर्टात ते रिकाम्या हातांनी आले. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. ते कधी मागे बांधत होते, कधी समोर. निवेदिका माइकवर गोड गोड बोलत होती आणि तात्या मान कलती करून ऐकत होते. जेवून हात धुतल्यावर मला शोधत आले.

"झकास झालं रे. भात मोकळा होता."

मी खोट ऐकायला थांबलो.

"खोट काय नाय," ते म्हणाले आणि एसटी गाठायला निघाले. त्या दिवशी एवढे लोक मला काय काय बोलले असतील, पण माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच.

प्राची मांडवपरतणीला घरी आली तेव्हा तिनं आलेली भांडी बघितली, साड्या बघितल्या, आणि म्हणाली, "बाबा, तात्यांचं पुस्तक कुठाय?"

"अगं, पत्रिकेत..."

"मी वाट बघत होते स्टेजवर. यांनाही सांगून ठेवलं होतं, एक आजोबा येतील, फू फू करतील, हसायचं नाही." ती चप्पल घालायला लागली. "चला. मागून आणू."

तात्या ओटीवर बियाण्याचं भात निवडत बसले होते. प्राचीला बघून सूप बाजूला ठेवून उठले.

"तात्या, माझा आहेर द्या," प्राची म्हणाली.

"आनू नये असं छापलं होतं गो."

"ते बाबांनी छापलं. मी नाही."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सुपातल्या भाताकडे बघितलं. ते आत गेले, आम्ही मागोमाग गेलो. देवघराशेजारच्या फळीवर गुलाबी चकचकीत कागदात बांधलेलं एक पुस्तक होतं. कागदाचा रंग कडांना उडाला होता. तात्यांनी ते खाली घेतलं, कागद फाटू नये म्हणून चिकटपट्टी नखानं हळूहळू सोडवली आणि आतली कोरी करकरीत कादंबरी प्राचीच्या हातात ठेवली. मग कोपऱ्यातल्या पिशवीतून दुसरं, त्याहून नवं पुस्तक काढलं, त्याच गुलाबी कागदात बांधलं आणि परत फळीवर ठेवलं.

"आता हे कोणाचं?" प्राचीनं विचारलं.

"वनीचं."

प्राचीनं हातातली कादंबरी उलटून बघितली.

"तिचा आहेर द्यायचा राहिलाय ना," तात्या म्हणाले. आवाज माइकवरचा नव्हता, साधा होता. "वाचून बघतो, चांगलं वाटलं की तिच्यासाठी बांधून ठेवतो. मग त्याहून चांगलं नवीन निघतं. आदलं जुनं होतं. जुनं कसं देऊ पोरीला? मग ते दुसऱ्या कोनाच्या लग्नात देतो. कागद तोच चालतो. पुस्तक नवं पायजे."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. दोन तालुक्यांतल्या नवऱ्या मुली एकेक करून माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. ती तापट मुलगी, ती गुऱ्हाळवाली बाई मिळालेली मुलगी, ती पापड मोडणाऱ्या सासूची सून. त्या सगळ्यांची पुस्तकं आधी या फळीवर वनीच्या नावानं बसून गेली होती. वनीच्या लग्नाच्या पुढच्याच उन्हाळ्यात तात्यांनी पुस्तकं द्यायला सुरुवात केली होती. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मला या दोन गोष्टी कधी एकत्र दिसल्या नव्हत्या.

"पाठवून का देत नाही तिला?" प्राची म्हणाली.

"पोस्टानं? आहेर काय पोस्टानं देतात? पुकारावा लागतो."

"मग पुकारू या." प्राचीनं फोन काढला. लहानपणी वनीनं तिला कडेवर घेऊन सगळं गाव फिरवलं होतं, आणि तिचा नंबर प्राचीकडे कायम होता हे मला त्या क्षणी कळलं. "यात बोला. तिला तुमचा आवाज जसाच्या तसा जातो. बाबा, धरा हा. मी बटण दाबून धरते, सोडलं की जातं."

मी फोन तात्यांच्या तोंडासमोर धरला. तात्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. चष्मा चढवला. फळीवरचं पुस्तक घेऊन छातीशी धरलं, मग कोणाला तरी दिसावं म्हणून जरा वर धरलं.

"फू, फू. आवाज येतो का?"

आणि थांबले. खोलीत कोणी ओरडणारं नव्हतं. प्राचीनं थोडं थांबून बोट उचललं.

"गेलं?" तात्या घाबरून म्हणाले. "अजून पुस्तकाचं नाव पन घेतलं नाय."

"गेलं, तात्या."

"नुसत्या फुंकराच गेल्या?"

ते खाटेच्या कडेवर बसले. पुस्तक मांडीवर होतं. बाहेर निवडायच्या भातावर चिमण्या उतरल्या होत्या, पण त्यांना हाकलायला कोणी उठलं नाही. "ती ओरडायची," तात्या जमिनीकडे बघत म्हणाले. "एवढीशी होती. मी माइकवर विचारलं की पुढच्या रांगेतून ओरडायची. बाकीची पोरं तिचं बघून शिकली."

फोन वाजला. वनीचा होता. प्राचीनं तो स्पीकरवर टाकून माझ्या हातावर आडवा धरला. आधी लांबून कुठल्याशा वॉर्डातला गलबला ऐकू आला, मग दार लोटल्याचा आवाज, मग एका बाईचा आवाज.

"येतो, तात्या. बोला."

तात्या उठले. या वेळी त्यांनी फुंकर मारली नाही.

"वधूस तिच्या वडलांकडून आहेर," ते म्हणाले. "पुस्तक एक. गोष्टीचं हाय, वने. वाचन्यासारखं हाय. खोट एकच हाय. द्यायला उशीर झाला."