चिंचेचं चकचकीत

पितळ दिसलं की चिंच लावायची, ही माझी जुनी खोड. त्या खोडीपायी मी एकदा माझ्या दिराचा ट्रक विकायची वेळ आणली होती. तेव्हा मी नुकती साठी ओलांडलेली कोवळी पोर. अक्कल यायची होती.

दत्तूभाऊजी ट्रकची माफी मागितल्याशिवाय पाना उचलत नाहीत. "माफी असावी बाईसाब," म्हणतात आणि मग गाडीखाली शिरतात. मिस्तरीला ते हात लावू देत नाहीत. "त्यो आधी खोलतो, मग इचारतो." रेडिएटरवर तळहात ठेवून पोरीच्या कपाळासारखा ताप बघतात. त्यांची बायको सुमन होती तोवर शेजारी बसून पाने द्यायची. ती गेली आणि भाऊजी गाडीशी जास्तच बोलायला लागले.

त्या साली गाडीचा तापाचा काटा उगाच लालवर जायला लागला. भाऊजींनी तळहात ठेवून निदान केलं, "ताप न्हाई, पण ताप हाय म्हणून राहिली. सेन्सर झिजला." त्यांचा पुण्यातला पोरगा म्हणाला, आता वय झालं, विका गाडी. भाऊजींनी त्याला शब्द दिला, "नवा सेन्सर माझ्या हातानं बसला न्हाई, तर विकतो."

सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढा पितळी बोल्ट, डोक्यावर प्लास्टिकची टोपी. भाऊजींनी जुना उतरवला आणि नवा-जुना दोन्ही माझ्या चहाच्या पातेल्यात उकळून मीटर लावून तपासले. आमच्या लोहा गावच्या खाऱ्या पाण्यानं नवाही मळकट झाला. जुना तर काळाच होता. भाऊजी हातपाय धुवायला गेले आणि मला राहवेना. काळ्याला चिंच-मीठ लावून असा घासला की देवघरात ठेवावा.

थोड्या वेळानं गाडीखालून हात बाहेर आला. "वैनी, चकचकीत हाय ते द्या."

दिलं. चांगलं ऐटीत दिलं.

गाडी चालू केली. घटकाभरात काटा लालवर. भाऊजींनी इंजिन बंद केलं आणि पायरीवर टेकले. बराच वेळ नुसते तळहात बघत राहिले.

"हात गेले, वैनी. पोराला फोन लावा."

मी फोन काढला. तेवढ्यात पातेल्यातल्या मळकटाकडे लक्ष गेलं. त्याच्यावर पान्याचा एक ओरखडा नव्हता.

"भाऊजी, मी एक घासलंय."

"काय घासलं?"

"जुनं."

त्यांनी माझ्या आंबट बोटांकडे बघितलं. इंजिन गार होईस्तोवर बसून राहिले, पुन्हा माफी मागितली आणि आत शिरले. या खेपेला काटा निम्म्यावर आला आणि मांडी घालून बसला.

भाऊजी फडक्याला हात पुसत बाहेर आले. आता बोलणी खायची म्हणून मी पदर सावरून उभी.

"सुमन बी आधी चुकीचंच द्यायची. उद्या ग्रीस भरायचंय, सकाळी येऊन बसा. चिंच तेवढी घरी ठिवा."