त्रेचाळीस मालकांचा प्रोग्रॅम

फॉर्मच्या तिसऱ्या रकान्यात विचारलं होतं, 'या प्रोग्रॅमची मालकी कुणाची?' आणि हनुमंतचा घोळ तिथेच झाला. त्याने तो प्रश्न वडिलांना विचारला.

हनुमंत शिरूरच्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायचा. पत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून दर मोसमात दोन-तीन सोयरिकी मोडायच्या बेतात येत. म्हणून त्याने वय, नातं आणि मागचे रुसवे बघून नावं क्रमाने लावणारा प्रोग्रॅम लिहिला. विजेच्या झटक्याने कॉम्प्युटर जळाला, वर्षाची मेहनत गेली. त्याने तो पहिल्यापासून पुन्हा लिहिला. आता परदेशातल्या एका वेबसाइटवर तो फुकट ठेवता येणार होता. कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. मग शिरूरची वीज काहीही करो, प्रोग्रॅम मरणार नव्हता. आधी फक्त मुक्त परवाना लावायचा आणि मालकाचं नाव लिहायचं.

"एकट्याचं लावतो व्हय?" वडील, म्हणजे ज्ञानूआबा, शांतपणे म्हणाले. "सातबाऱ्यावर तरी कुनाचं एकट्याचं हाय का?"

हनुमंतला पटलं. नाव गाळलं की काय होतं, हे पत्रिका जुळवणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्याने भावकीची त्रेचाळीस नावं मालक म्हणून लिहिली, सहा महिन्यांच्या पुतणीसकट.

आठ दिवसांनी उत्तर आलं. सभ्य होतं. मालक त्रेचाळीस असतील तर परवान्याला त्रेचाळीस जणांची लेखी संमती लागेल. तीस दिवसांत न आल्यास अर्ज रद्द. नावं खोडून टाकावीत असं हनुमंतच्या मनात आलं, पण आबांनी तोवर घरोघर जाऊन प्रत्येकाला मालक झाल्याचं कळवलं होतं.

बेचाळीस सह्या चोवीस दिवसांत झाल्या. पुतणीचा अंगठा घेतला. हौसराव चुलत्यांनी सही करताना जमिनीची मोजणी कधी आहे, एवढंच विचारलं. राहिली पाटसची सोजरआत्या.

बापलेक एसटीने पाटसला गेले. आत्याने चहा दिला, कागद पाहिला आणि पालथा ठेवला.

"मागं तुझ्या बापानं असाच कागद आनला हुता. हक्कसोड म्हनं. म्या सही केली आन् सातबाऱ्यावरनं माझं नाव गेलं. जमिनीचं काय न्हाई रं. पन नाव गेलं."

आबा बशीतल्या चहाकडे पाहू लागले. चहा कधीच निवला होता.

हनुमंतने परवाना मराठीत करून वाचला. सगळ्या सवलती सांगून झाल्यावर शेवटी अट सांगितली, की मूळ मालकांची नावं कुणालाही काढता येणार नाहीत.

"तलाठ्याला?"

"न्हाई, आत्या."

"तुझ्या बापाला?"

हनुमंतने एकदा आबांकडे पाहिलं. "न्हाई."

आत्याने पेन मागितला. सही माहेरच्या आडनावाने केली आणि शाई वाळेपर्यंत कागद हातातून सोडला नाही.

प्रोग्रॅम वेबसाइटवर चढला. दोन महिन्यांनी फिनलंडच्या एका गृहस्थाचं पत्र आलं. त्याने तो आपल्या गावातल्या गायनमंडळाची यादी लावायला घेतला होता, थोडा सुधारला होता, आणि परवान्याप्रमाणे त्रेचाळीस नावं जशीच्या तशी ठेवून खाली आपलं चव्वेचाळिसावं जोडलं होतं. हनुमंतने पाटसला फोन लावला. आत्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"माझ्या खालीच हाय ना?"

"व्हय."

"मग आपलाच झाला की. वय किती त्याचं?"

"एकाहत्तर. पत्रात लिवलंय."

"आता पत्रिकेत त्याचं नाव ऱ्हायला नगं."

पुढच्याच महिन्यात हौसरावांच्या धाकट्या पुतण्याचं लग्न निघालं. नावं प्रोग्रॅमने लावली. वयाप्रमाणे फिनलंडचे गृहस्थ हौसरावांच्या वर आले.

हौसराव लग्नाला आले नाहीत.