आईची कॉफी आणि कमळाकरचं लग्न

"ध्यान कुठं हाय गो तुजं?"

लहानपणी आईमागे बसून धवला, म्हणजे लग्नातलं गाणं, म्हणताना माझा शब्द चुकला, की हा आवाज यायचा. आमची आई गोजरा, करावे गावची धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय खाडीकाठी लग्न लागत नसे. मला तिनं दहाव्या वर्षीच गाण्यातून उठवलं. ध्यान नाही म्हणून!

आता त्र्याऐंशी साली मी वाशीच्या शाळेत बाई, आणि ध्यान हरवत होतं ते आईचं. जासईचे गोटीरामशेठ मुलाच्या लग्नाचं सांगायला आले, ते हातात धवल्यांची कॅसेट घेऊनच.

"गोजराबाय, एक चूक झाली का ही लावनार. मंग तुला कोन बोलवनार नाय."

आईचा चेहरा उतरला. मी छाती ठोकून म्हटलं, "लावून दाखवाच!" कारण मी मासिकात वाचलं होतं: मेंदूत जाग आणणारं एक रसायन असतं, ते उसळलं की लक्ष एका जागी खिळतं. लेखाचं पुढचं पान फाटलेलं होतं, पण उपाय तर कळला! लग्नाच्या सकाळी आईला तीन पेले काळी कॉफी पाजली.

मांडवात आई बसली ती टिटवीसारखी सावध! आवाज भरतीच्या पाण्यासारखा चढू लागला. नवऱ्याचं नाव घ्यायची ओळ आली आणि बाहेरून कोणी ओरडलं, "कमळाकर, खाली उतर!"

आई गायली, "मीनाचा नवरा गो कमलाकर!"

बायकांनी झेललं, "कमलाकर गो, कमलाकर!"

नवरदेव सुभाष मुंडावळ्यांतून टकामका बघू लागला. गोटीराम गरजले, "लावा कॅसेट!"

पण कमळाकर होता वायरमन, कर्णा बांधायला बांबूवर चढलेला. स्वतःचं लग्न लागतंय हे ऐकून तो असा दचकला, की वायरसकट पेंढ्यात! कॅसेट मुकी.

आई मात्र थांबेना. तिला सगळंच दिसत होतं, सगळंच ऐकू येत होतं. गोटीरामांची उलटी टोपी, विहीणबाईंच्या दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला, सगळं गाण्यात!

"पेंढ्यान परला कमलाकर गो, वायर त्याचे हाती,
सुभाष-मीना पाटावर गो, एका दिव्याच्या वाती!"

मांडव हसून लोळला. गोटीरामांनी टोपी सरळ केली आणि धाकट्याचं लग्नही तिथंच आईला सांगून टाकलं. जिंकलो!

घरी येऊन सुकटीची पुडी सोडली, तर कागद म्हणजे लेखाचं तेच पुढचं पान! 'म्हातारपणी मात्र तेच रसायन उसळलं, की लक्ष चहूकडे धावतं.'

असो! मी खुशीत म्हटलं, "आई, आता मलापण शिकव. ध्यानासाठी मीही पिईन तीन पेले!"

आई पदराशी चाळा करू लागली. मग हळूच म्हणाली, "ध्यान बरं व्हतं गो तुजं. गला बेसूर व्हता. लानगी व्हतीस, तोंडावर कशी बोलू?"