बारा किलोंचं चिलखत

संपादकबाईंनी कादंबरीच्या सातव्या प्रकरणाशेजारी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘पटत नाही.’ आणि त्याखाली, ‘शनिवारपर्यंत पटेल असं करा, नाहीतर पुस्तक राहू द्या.’

एकतीस वर्षं वजनमापं तपासून निवृत्त झालेल्या निरीक्षकांच्या हे फार जिव्हारी लागलं. त्यांनी भल्याभल्या दुकानदारांचे तराजू जप्त केले होते आणि आता कुणीतरी त्यांचंच माप खोटं ठरवत होतं. त्यातून ही त्यांची पहिलीच ऐतिहासिक प्रेमकथा, तीन प्रकाशकांकडून साभार परत येऊन चौथ्याच्या दारात उभी. त्यांनी तडक फोन लावला.

“बाई, चिलखत त्या काळातलंच आहे. बारा किलो. संग्रहालयात विचारून आलोय मी.”

“चिलखत पटलं हो. पण ते घालून तुमचा सरदार दोरावरून राजकन्येच्या खिडकीपर्यंत चढतो आणि पोचल्या पोचल्या अकरा ओळी प्रेमाचं बोलतो. माणसाला दम लागतो की नाही?”

वाद घालण्यापेक्षा मोजून बघावं, ही निरीक्षकांची जुनी खोड. त्यांनी पिठाच्या दोन-दोन किलोंच्या सहा पिशव्या काट्यावर तोलून छातीपाठीला बांधल्या. पहिल्या मजल्यावरच्या पलंगाच्या पायाला दोर बांधून तो खिडकीबाहेर सोडला. पलंगावर बायको कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

“तू राजकन्या. खिडकीत उभी राहा.”

“राजकन्या काय करते तिथे?”

“वाट बघते.”

“मग ते बसूनही जमतं मला. इतकी वर्षं तेच केलंय,” बायको म्हणाली आणि तिनं पुढचा टॉवेल उचलला.

निरीक्षक खाली जाऊन चढू लागले. अर्ध्यावर आल्यावर वर पाहतात तो खिडकी रिकामी. “अगं, उभी राहा की!” ते ओरडले. बायको उठली. तिच्या वजनानं जागेवर राहिलेला पलंग खरखरत खिडकीकडे निघाला आणि सरदार दोन फूट खाली आले. एक पिशवी पाइपाच्या कडीत अडकून टरकन फाटली. खालच्या मजल्यावरच्या वकिलांचा नुकताच धुतलेला काळा कोट दोरीवर वाळत होता, तो क्षणात पांढरा झाला.

“दोन किलो घटले! प्रयोग बाद!” निरीक्षक कळवळले.

वकील बाहेर आले. त्यांनी आधी कोटाकडे पाहिलं, मग वर. “नक्की चाललंय काय? तुम्ही चोर असता तर तक्रार लिहायला सोपं गेलं असतं हो.”

“अहो, खाली कोट आहे आणि कोटाचे मालकही,” बायको खिडकीतून म्हणाली. “त्यापेक्षा वरच या.”

निरीक्षक कसेबसे वर पोचले. हनुवटी खिडकीच्या कठड्यावर टेकली, पण पुढं काही सरकेना. बायकोनं त्यांची दोन्ही मनगटं घट्ट धरली. अकरा ओळी त्यांना तोंडपाठ होत्या. त्यांनी तोंड उघडलं.

“पाणी,” ते म्हणाले.

“हात सोडून आणू?”

“नको, नको!”

“मग गप राहा.”

वकिलांची शिडी येईपर्यंत दोघं तसेच राहिले. निरीक्षकांची भीतीनं पाचावर धारण बसली होती. तरीही त्यांना बरं वाटत होतं. लग्नात हातात हात दिला होता, त्यानंतर बायकोनं इतकं घट्ट कधी धरलं नव्हतं. कोट धुऊन देण्याचं हमीपत्र आधी लिहून द्या, असा वकिलांचा आग्रह होता. हात मोकळे नसल्यामुळे शेवटी त्यांनी तोंडी हमीवर भागवलं आणि निरीक्षकांना खालून ढकलून खिडकीत घातलं.

त्याच दुपारी निरीक्षकांनी अकराही ओळी कापल्या आणि घडलं तसं लिहून पाठवलं. शनिवारी बाईंचा फोन आला. “काय प्रसंग उतरलाय! पुस्तक घेतलं आम्ही. फक्त आता आठवं प्रकरण. सरदार राजकन्येला पाठीवर घेऊन त्याच दोरानं खाली उतरतो. हेही करून बघितलंय ना?”

निरीक्षकांनी फोनवर हात ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. आवाज तिच्यापर्यंत पोचला होताच.

“सांगा त्यांना, राजवाड्याला जिना आहे,” ती म्हणाली. “राजकन्या पुढं होईल. सरदारांनी कठडा धरून मुकाट्यानं मागून यायचं.”