चोवीस महिन्यांचं शेवाळ

"सेक्रेटरीसाहेब, माझे फोटो तुम्हीच चोरलेत! संध्याकाळच्या सभेत जाब द्या!"

रविवारी सकाळी अकराला जयप्रकाशने हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि नेरुळच्या त्या सात मजल्यांत कुकरनेसुद्धा शिट्टी गिळली.

फोटो साधेसुधे नव्हते. गच्चीवरची पाण्याची टाकी दोन वर्षं कोणी धुतली नव्हती. जयप्रकाश दर महिन्याला शिडी चढून आतल्या शेवाळाचा फोटो काढायचा. चोवीस महिने, चोवीस फोटो! शेवाळ आधी मिशीएवढं, मग दाढीएवढं, शेवटी तर हॉलभर गालिचा! आज सर्वसाधारण सभेत तो हे सगळं पडद्यावर दाखवणार होता. टाकी धुऊन घ्यायची म्हणजे घ्यायचीच!

त्याआधी कॉम्प्युटर आवरावा, असं त्याला नऊ वाजता सुचलं. माणूस महापेच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं स्टोअरकीपर!

"सी आणि डी ड्राइव्ह म्हणजे दोन रॅक. घरचा सगळा माल डीमध्ये. अर्ध्या तासात लावतो बघ!"

"अहो, आजच कशाला?" सुमेधा म्हणाली. "क्षिप्राला येऊ दे ना क्लासवरून."

"कालची पोर, तिला काय कळतंय स्टोअरमधलं!"

स्क्रीनवरचं 'टाकी' नावाच्या फोटोंच्या फोल्डरचं चिन्ह उचलून त्याने डीमध्ये ठेवलं. मग सी उघडलं, तर तिथेही एक 'टाकी'! डबल माल! स्टोअरचा नियम काय? एक माल, एक रॅक. उडवलं! आणि माल हलवला की झाडू मारायचाच, म्हणून रिसायकल बिनही रिकामी केली. फोनमधले फोटो तर कॉम्प्युटरवर चढले की तो त्याच दिवशी पुसायचा.

मग ऐटीत डीमधली 'टाकी' उघडायला गेला. उघडेना!

"सुमेधा, या चिन्हावर बारीक बाण आहे बघ. कोणीतरी खूण करून गेलंय! परवा तो सेक्रेटरी बाथरूमचं लिकेज बघायला आला, तो हॉलमध्ये का रेंगाळला?"

"चहाला. तुम्हीच बसवलंत."

"आणि तू त्याला दोन बिस्किटं जास्त का दिलीस?"

यावर सुमेधाने त्याच्याकडे असं बघितलं, की टाकीतलं शेवाळही करपलं असतं! पण तोवर जयप्रकाशचा मेसेज ग्रुपवर गेला होता.

चोरी म्हटल्यावर वॉचमन धनाजीने गेट लावून टाकलं. भाजीवाला आत, पाहुणे बाहेर! तळमजल्यावरच्या बाळाबाई किल्ल्या कमरेला खोचून धापा टाकत वर आल्या.

"काय गेला रं? सोना?"

"नाही बाळाबाई, शेवाळ."

"शेवाल? मंग बरा झाला ना!"

तेवढ्यात क्षिप्रा आली. तिने एकदाच स्क्रीन बघितला आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, बाण म्हणजे शॉर्टकट! नुसता पत्ता असतो तो. तुम्ही दारावरची पाटी डीमध्ये नेलीत आणि सीमधलं घर पाडलंत!"

"म्हणजे सेक्रेटरीने..."

"त्यांनी काय केलं यात?"

आणि बेल वाजली. दारात सेक्रेटरी, काखेत लॅपटॉप. आवाज बर्फासारखा.

"जयप्रकाशजी, दर महिन्याला तक्रारीसोबत पेनड्राइव्हमध्ये फोटो देऊन तुम्ही पोच घेत होतात. विसरलात? हे बघा. सीमध्ये चोवीस, तारखेप्रमाणे. डीमध्येही चोवीस. मी सगळं दोन्हीकडे ठेवतो. आता माफी मागायची, तर ग्रुपवर मागा."

बाळाबाई खुदकन हसल्या. जयप्रकाशने मान खाली घालून फोन हातात घेतला. 'सर्व सभासदांसमोर मी मनापासून' एवढं लिहून झालं आणि बोट थांबलं. त्याचे डोळे बारीक झाले.

"एक मिनिट, सेक्रेटरीसाहेब. माफी मागतो, ग्रुपवरच मागतो. पण दोन वर्षं हे शेवाळ तुम्ही तारीखवार, दोन-दोन ड्राइव्हमध्ये जपून ठेवलंत, तर टाकी का नाही धुतलीत? आधी याचं उत्तर द्या!"