लेकुरवाळं पान

मारुतीच्या गळ्यात रुईची माळ घालण्याआधी तुम्ही तिचं एक तरी पान उलटून पाहिलं आहे का? नाही ना? मग शनिवारी सकाळी आमच्या गावात येऊ नका. शाळेच्या भिंतीला लागून रुईची झुडपं आहेत आणि त्यांच्यापुढे सय्यद सर उभे असतात. पानं तोडायला येणाऱ्या प्रत्येकाला ते अडवतात.

"उलटं करा. हां. काय दिसतंय? अंडं. हे पान लेकुरवाळं हाय. मारुतीराया ब्रह्मचारी, त्याच्या गळ्यात दुसऱ्याचा संसार कशाला अडकवता? दुसरं तोडा."

एका मुसलमान मास्तरांनी मारुतीच्या ब्रह्मचर्याची काळजी करावी, यावर गावातल्या धर्मरक्षकांच्या भावना दुखावणं भाग होतं. त्या दुखावल्याही. पण मुद्दा बिनतोड निघाला. दुखावलेल्या भावनांसकट मंडळी आता पान उलटून बघतात.

शिरूर कासारच्या अलीकडचं आमचं गाव. सर इथल्या झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवतात. शाळेला प्रयोगशाळा आहे, म्हणजे कागदावर आहे. त्या खोलीत पोषण आहाराचा तांदूळ असतो आणि सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असतो. पोरांनी पाहिलं तर झिजेल ना! म्हणून सरांचा वर्ग रुईपाशी भरतो. "एवढी मोठी प्रयोगशाळा, अन् चावी मागायला कुणाच्या दारात जायचं न्हाई," असं ते म्हणतात.

"आधी पाय मोजा, मग बोला," हे त्यांचं दुसरं वेड. एका लग्नाच्या पंगतीत कुणाच्या तरी वरणात काही पडलं. तो माणूस "किडा, किडा" म्हणून उठला. सरांनी हातातली जिलबी खाली ठेवली, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आठ पाय हायेत. किडा न्हाई, कोळी हाय. आता ओरडा."

चुकीचं विज्ञान त्यांना सहन होत नाही, मग बोलणारा कुणी का असेना. आमचे एक पुढारी आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊ भर सभेत गरजले, "विरोधक म्हणजे गावाला लागलेली कीड आहे!" मागून सरांनी हात वर केला. "कोणत्या अवस्थेतली? अंडी, अळी, का कोष?" वर्गात अळी दाखवतानाही ते भाऊंना विसरत नाहीत. "हे पुढचे सहा पाय खरे. मागचे खोटे, नुसते धरून ठेवायला. कार्यकर्ते समजा."

दिवाळी झाली की सरांचा अर्धा वर्ग ऊसतोडीला जातो. सरकारी कागदावर मात्र एकही पोर शाळा सोडत नाही, कागद लई गुणी आहे. गेल्या वर्षी सरांनी सहावीच्या प्रत्येक पोराला रुईवरची एकेक अळी दत्तक दिली होती. काळी, पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची. सारिकाची अळी सगळ्यात बारकी. टोळीचा ट्रक शाळेसमोर थांबला तेव्हा ती वरून ओरडली, "सर, माझ्या अळीचं काय?"

"जा तू. मी राखतो. आल्यावर दाखवतो."

थंडीत भाऊंचा वाढदिवस आला. रुई काढून तिथं स्वागत कमान उभारायचं ठरलं. दुष्काळी गावात स्वागत कुणाचं करायचं, हे ठरायचं होतं. सकाळीच जेसीबी आला. सर प्लास्टिकची खुर्ची टाकून रुईपुढे बसले.

"उठा सर," भाऊंचा माणूस म्हणाला. "जनावरंबी तोंड लावत न्हाईत असल्या झाडाला."

"म्हणून तर ती खाते. तिला वाटेकरी न्हाई."

"कोण ती?"

"सारिकाची अळी. पोरगी यायची हाय परत, तिला दाखवायचीय."

माणूस एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. सरांनी रुईचा विषारी चीक, तो पचवणारी अळी, तिला टाळणारे पक्षी, सगळं समजावलं. जेसीबी पुढेच येत राहिला. तेवढ्यात देवळासमोर माळा विकणाऱ्या गोदामावशी टोपली घेऊन आल्या.

"पाड की, पाड! मग शनवारी मारुतीला काय घालू? तुज्या भाऊचा फ्लेक्स?"

जेसीबीच्या ड्रायव्हरनं कानाला हात लावून मशीन बंद केलं. तोही शनिवार पाळणारा होता. कमान जरा पलीकडे सरकली. विज्ञान हरलं, शनिवार जिंकला. मी सरांना म्हणालो, ही काही तत्त्वाची लढाई झाली नाही. ते म्हणाले, "तत्त्वाची पत्रकं तू वाट की. मला झाड पाहिजे होतं."

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. सारिका घरी न थांबता थेट रुईपाशी आली. उसाच्या पात्यांनी तिचे हात ओरखडले होते. सरांनी एक पान उलटलं. खाली एक बारकी अळी.

"ही बघ तुझी."

मी तिथंच होतो. दिवाळीतली अळी दोन-तीन आठवड्यांत फुलपाखरू होऊन कधीच उडून गेली होती. ही तिची पणती किंवा खापरपणती असेल. आणि हे सांगत होता पंगतीत कोळ्याचे पाय मोजणारा माणूस.

सारिका बराच वेळ बघत राहिली. "वाढली न्हाई सर लई."

"जेवतच न्हवती नीट. तू न्हवतीस ना."

तिनं मान डोलावली आणि पान हळूच होतं तसं केलं.

तुमच्याही गावात पोरं परत येतील. काय काय बुडालं याचा हिशेब पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे मांडू नका. ती नव्हती तेव्हा त्यांच्यासाठी एखादी गोष्ट राखून ठेवा, आणि आल्याबरोबर दाखवा. आणि आमच्या गावात आलात तर एवढी मेहेरबानी करा. अळीचं फुलपाखरू कधी होतं, तो धडा सारिकानं ट्रकमध्ये चढण्याआधीच पाठ केला होता. हे सय्यद सरांना सांगू नका.